कॅल फ्लिन आणि आमच्या मळ्याचा जुना फेरफार

कॅल फ्लिन या स्कॉटिश लेखिकेचं नाव निघालं की लोक तिच्या दुसऱ्या पुस्तकाबद्दल बोलतात. साहजिकच आहे, ‘आयलंड्स ऑफ अबँडनमेंट’ने तिला २०२१ सालचा संडे टाइम्सचा तरुण लेखकांसाठीचा पुरस्कार मिळवून दिला. माणसांनी सोडून दिलेल्या जागांचं पुढे काय होतं, ते बघायला ती चेर्नोबिलपासून डेट्रॉइटपर्यंत हिंडली. एडिनबरोच्या पश्चिमेला दगडातून तेल काढून झाल्यावर उरलेल्या लाल चुऱ्याचे डोंगर आहेत. त्या टाकाऊ ढिगांवर साडेतीनशेहून जास्त जातींच्या वनस्पती सापडल्या, ही हकिकत त्यातलीच. पुस्तक सुंदर आहे. तरी मला तिचं २०१६चं पहिलं पुस्तक, ‘थिकर दॅन वॉटर’, जास्त जवळचं वाटतं.

फ्लिन स्कॉटलंडच्या हायलँड्समधली. ऑक्सफर्डला प्रायोगिक मानसशास्त्र शिकली आणि मग मोठ्या इंग्रजी वृत्तपत्रांत बातमीदार झाली. मीही नाशिकमध्ये तेच काम करते, महापालिकेच्या सभा, द्राक्षांचे भाव, अवकाळीचे पंचनामे. रोज आठशे शब्द लिहिणाऱ्या माणसाला एकाच प्रश्नामागे काही वर्षं घालवणं म्हणजे काय, हे चांगलंच कळतं. नोकरीची चौकट सोडून ती एका पूर्वजाच्या मागे ऑस्ट्रेलियाला गेली.

अँगस मॅकमिलन हा तिच्या घराण्यातला काही पिढ्यांमागचा काका. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जन्मलेला, ऑस्ट्रेलियात गिप्सलँड या प्रदेशाचा शोध लावणारा म्हणून गौरवलेला. घरच्यांना अभिमान वाटावा असाच माणूस. पण त्याच्याबद्दल वाचताना तिला त्याची दुसरी ओळख सापडली. १८४३ मध्ये रोनाल्ड मॅकॲलिस्टर नावाच्या गोऱ्या माणसाचा खून झाला. त्याचा सूड म्हणून वॉरिगल क्रीकजवळ तिथल्या मूळ रहिवाशांची, गुनाई-कुर्नाई लोकांची कत्तल झाली. आकडे वेगवेगळे सांगतात, साठपासून दीडशेच्या वर. कत्तल करणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या मॅकमिलन होता, असं मानलं जातं.

हायलँड्समध्ये त्याच काळात मेंढ्यांसाठी कुळांना जमिनीवरून हुसकावलं जात होतं. त्याच मुलखातून गेलेल्यांनी समुद्रापार जाऊन दुसऱ्यांना हुसकावलं. फ्लिन हे मांडते, पण त्याच्या आड काकाला लपू देत नाही. पुढे हाच माणूस आपल्या परगण्यातल्या मूळ रहिवाशांचा सरकारी ‘संरक्षक’ झाला, तेही ती सांगते. आणि मुख्य म्हणजे ती गुनाई-कुर्नाई लोकांना जाऊन भेटते, त्यांचं ऐकते. कागदपत्रं तर कुणीही चाळेल, पण त्यांच्यासमोर मॅकमिलनची नात्यातली म्हणून जाऊन बसायला छाती लागते. ऑस्ट्रेलियातल्या ज्या मतदारसंघाला मॅकमिलनचं नाव होतं, ते २०१८ मध्ये बदलण्यात आलं.

हे पुस्तक वाचून झालं आणि मी आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या मळ्याचे जुने उतारे काढले. आज तिथे द्राक्षबाग आहे, काकांनी सोसायटीचं कर्ज काढून उभी केलेली. आजोबांनी ती जमीन ‘रीतसर खरेदी केली’ असं घरात नेहमी सांगितलं जायचं. तहसीलच्या अभिलेख कक्षातून फेरफाराची नक्कल मिळाली. पिवळा पडलेला कागद, निळसर शाई, शेवटी अंगठ्याचा ठसा आणि त्यापुढे ‘सदर इसमाची निशाणी’. इसम महादेव कोळी या आदिवासी जमातीचा. रक्कम वाचून मी नक्कल पुन्हा डोळ्यांजवळ धरली. तेवढ्या पैशात त्या काळीही चार एकर जमीन येत नव्हती, असं गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं. आजोबा धान्य आणि पैसे व्याजाने द्यायचे, हेही त्यांनीच सांगितलं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४चा कायदा १ एप्रिल १९५७ नंतरच्या व्यवहारांना लागू होतो. आमचा फेरफार १९५३चा. म्हणजे कायद्याने आमच्याकडे कुणी काही मागू शकत नाही. वकील मित्राने हे सांगितलं तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. मॅकमिलनवरही कधी खटला चालला नव्हता.

दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, आमच्याकडे कुणाचा जीव गेलेला नाही. पण लिहायला कुठून सुरुवात करायची, हे मला फ्लिनकडून कळलं. ज्याचं नाव लावलं की आपली मान ताठ होते, त्याच्याबद्दल आधी विचारायचं. शहरातल्या बिल्डरांवर मी खूप लिहिलंय. स्वतःच्या घराबद्दल एक ओळ लिहिली नव्हती.

अंगठा उठवणाऱ्या त्या माणसाची नातवंडं पेठ तालुक्यात राहतात, एवढं समजलं आहे. द्राक्षांचा हंगाम आटपला की रजा टाकून जाणार आहे. काका सोबत यायला तयार नाहीत. पण पाड्यापर्यंतचा रस्ता त्यांनीच सांगितला, अगदी कुठल्या वडापाशी वळायचं त्यासकट.