तुम्ही कुणाच्या?

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५, अहिल्यानगर

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, आणि नगरला आल्यापासूनचा माझा सहावा. (तोंडात अजून नगरच येतं, इथल्या लोकांच्याही.) सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझं जुन्या मंडळीतून आणलेलं सभासदत्वाचं पत्र सगळ्यांपुढं वाचून दाखवलं. चारच ओळींचं पत्र. नाव, बाप्तिस्म्याचं साल, आमच्या जुन्या पाळकांची सही. मग मला उभं राहायला सांगितलं. चौतीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलं, पण आज पुढच्या बाकाचा आधार घ्यावा लागला.

भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी मी बुलढाणा जिल्हा सोडला. मुलगा इथल्या तारकपूर स्टँडपर्यंत सोबत होता. रिक्षात सामान चढवताना त्यानं पुन्हा विचारलं, "आई, इथं तुझं आहे कोण?" पुण्यात त्याचं घर आहे, सून चांगली आहे, नात माझ्यावाचून झोपत नाही. तरी मी नगरला एक खोली घेतली. तेव्हा त्याला नीट सांगता आलं नाही. आज इथं लिहून ठेवते.

आमच्या तालुक्याच्या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा ख्रिस्ती घरं चार होती. एक बदलीनं गेलं, एक मुलांच्या शिक्षणासाठी, एका घरातली म्हातारी देवाघरी गेली. उरलो आम्ही दोघं. पाळक महिन्यातून एकदा जिल्ह्याहून यायचे. बाकीचे रविवार आम्ही दोघं पलंगावर बसून शास्त्र वाचायचो आणि एक गीत म्हणायचो, तेही हळू आवाजात, भिंतीपलीकडच्यांची झोप मोडू नये म्हणून.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. खांदा शेजाऱ्यांनी दिला, यांच्या ऑफिसातल्या लोकांनी दिला. खड्डा खणण्यापासून फुलांपर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. ते उपकार मी विसरणार नाही. पण पेटी खाली उतरवताना गीत म्हणायची वेळ आली तेव्हा पाळक आणि मी, दोघंच. भोवती पन्नास-साठ माणसं हात जोडून उभी, सगळ्यांचे डोळे ओले, आणि गीत कुणालाच येत नव्हतं. मुलाला पहिलंच कडवं पाठ. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज फाटला. मी थांबले आणि गीतही थांबलं. पाळकांनी घाईनं प्रार्थना सुरू केली. मी मधेच थांबले, हे तीन वर्षं मनातून गेलं नाही.

नगरच का, हे पाळकीणबाईंनीही विचारलं. खरं सांगायचं तर हे नाव लहानपणापासून कानावर होतं. वडिलांकडे टपालानं ज्ञानोदय यायचा. ते मासिक १८४२ साली याच गावात निघालं, हे ते दर अंकाला सांगायचे. अमेरिकन मिशनचं काम इथं १८३१ मध्ये सुरू झालं, म्हणजे दोनशे वर्षं व्हायला आली. पण माझ्या दृष्टीनं नगर म्हणजे कवी नारायण वामन टिळक. अभंगाच्या, ओवीच्या वळणाची जी भजनं आम्ही पलंगावर बसून म्हणत होतो, त्यातली कितीतरी त्यांची. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि आपले लोक सोडून इथं आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच आल्या नाहीत. काही वर्षं दूर राहिल्या, मग आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळत, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचं ते उशिरा येणं मला फार जवळचं वाटतं. माणूस एका गावाला पोचतो, पण त्याचं मन तिथं पोचायला वेळ लागतो.

माझंही तसंच झालं. पहिल्या रविवारी दारात सगळे "सलाम, बाई" म्हणाले. मग शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "तुम्ही कुणाच्या?" इथं हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. कुणाची आजी मिशनच्या शाळेत शिकलेली, कुणाचे आजोबा खेड्यापाड्यांतून भजनं म्हणत फिरलेले. दोन नावं घेतली की नातं लागतं. मी म्हटलं, "कुणाचीच नाही, मी बुलढाण्याकडची." आजी "असं होय" म्हणाल्या आणि पुस्तक उघडून बसल्या. त्या दिवशी खोलीवर येऊन मी जेवले नाही.

तिसऱ्या रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा होता. आमच्याकडे अलायन्स मिशनच्या मंडळीत बाळाचं फक्त समर्पण करतात, बाप्तिस्मा मोठेपणीच. माझा बाप्तिस्मा सोळाव्या वर्षी झाला, विहिरीलगतच्या हौदात, पूर्ण बुडवून. वडील असते तर हा विधी बघून गप्प बसले नसते. मलाही आतून अवघड वाटलं. मी पाळकसाहेबांना सरळ विचारलं, माझा बाप्तिस्मा तुम्हाला चालतो का? ते म्हणाले, १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एक होऊन आपलं हे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात बुडवून बाप्तिस्मा देणारेही होते आणि बाळांना देणारेही. दोन्ही मान्य करूनच ते एकत्र आले. ती तारीख २९ नोव्हेंबर, म्हणजे कालच पंचावन्न वर्षं झाली. माझं मत बदललेलं नाही. पण ते बाळ पाण्यानं दचकून रडलं, आणि त्याला सांभाळायचं वचन द्यायला सगळी मंडळी उभी राहिली, तेव्हा मीही उभी राहिले.

आणि मग त्याच आठवड्यात, बुधवारी, एक माती झाली. गेलेल्या गृहस्थांना मी ओळखतही नव्हते. आजींचा निरोप आला, "चला, मातीला जायचंय." कब्रस्तानात कडुलिंबाखाली मी मागंच उभी होते. पेटी उतरू लागली आणि कुणीतरी गीत उचललं. हार्मोनियम नाही, तबला नाही, नुसते आवाज. पुरुषांचे जाड, बायकांचे वरच्या पट्टीतले, आणि मधेच एका शाळकरी मुलाचा बेसूर पण ठणठणीत. तेच गीत. दुसऱ्या कडव्याशी माझा गळा पुन्हा दाटला. मी थांबले, पण गीत चालूच राहिलं. चौथ्या कडव्याला मला आवाज सापडला आणि मी परत त्यांच्यात शिरले. शेवटपर्यंत म्हटलं. मूठभर माती टाकताना मनात यांचं नाव घेतलं.

मुलाला मी हेच सांगणार आहे. इथं माझं कुणी नव्हतं हे खरं. पण माझा आवाज बंद पडला तरी पुढचं कडवं उचलणारी माणसं मला हवी होती, आणि ती मी जिवंत असताना हवी होती.

आज उपासना संपल्यावर आजी माझा हात धरून बाहेर आल्या. पायरीवर एका बाईनं त्यांना विचारलं, "ह्या कुणाच्या?" आजी म्हणाल्या, "आमच्या बाकावरच्या." मला काही बोलता आलं नाही, मी नुसता त्यांचा हात दाबला.

नाताळच्या करंज्यांना महिला मंडळ १३ तारखेला बसणार आहे, पोळपाट-लाटणं आपापलं न्यायचंय. त्याआधी गुरुवारी घरसभा माझ्या खोलीवर. बारा-पंधरा जणी येतील. सतरंजी पाळकीणबाई पाठवणार आहेत. कप माझ्याकडे सहाच आहेत, उद्या सकाळी वरच्या मजल्यावर विचारून बघते.