लिफ्ट केलेल्या पिकअपसाठी शांत ऑल-टेरेन टायर निवडताना

पिकअप उचलून, म्हणजे सस्पेन्शन उंच (लिफ्ट) करून, तिला ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर बसवले की घरघर आलीच आणि ती सोसायलाच हवी, असे इथे ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये बहुतेक जण गृहीत धरतात. मला ते मान्य नाही. टायर किती आवाज करणार हे ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबरी थराच्या नक्षीवर ठरतेच, पण तितकेच ते टायरच्या बांधणीवर, मापावर आणि लिफ्टनंतर केलेल्या अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यावर ठरते. दुकानात मात्र सगळी चर्चा नक्षीची आणि ब्रँडची होते, बाकीच्या तीन गोष्टींकडे कोणी वळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी टोयोटाची डबल कॅब टकोमा पिकअप अडीच इंचांनी उचललेली आहे. तिचे बहुतेक मैल चँडलर आणि फिनिक्सच्या फ्रीवेवर ताशी पासष्ट-सत्तर मैलांच्या वेगात जातात. सुट्टीत ती बीलाइन हायवेने पेसनला आणि तिथून मोगोलॉन रिमच्या कड्यालगत जाणाऱ्या फॉरेस्ट रोड 300 वर जाते, जिथे मोकळी खडी आणि धारदार दगड दोन्ही भेटतात. हिवाळ्यात फ्लॅगस्टाफला जावे तर आय-17 हा रस्ता सुमारे 1,100 फुटांवरून जवळजवळ 7,000 फुटांवर चढतो, आणि सकाळी घरून उन्हात निघालेली गाडी दुपारच्या आत बर्फावर असते. त्यामुळे साधा हायवे टायर मला पुरत नाही, आणि चिखलासाठीच्या मड-टेरेन टायरची मला गरज नाही.

आवाज येतो कुठून हे कळले की निवड बरीच सोपी होते. ट्रेडचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, त्याची टकटक होते, आणि वेग वाढला की त्या टकटकीचा एक सलग सूर होतो. सगळे ठोकळे एकाच लांबीचे असतील तर सगळी ऊर्जा एकाच सुरात साठते आणि तो सूर कानात घुसतो, म्हणून चांगले उत्पादक ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, ज्यामुळे आवाज अनेक सुरांत विखुरतो आणि कानाला नुसती हलकी सळसळ जाणवते. दुसरे कारण खाचांमधली हवा. ठोकळा रस्त्याला टेकताना खाचेतली हवा दाबली जाते, सुटताना पुन्हा आत ओढली जाते, आणि खाच मध्यापासून थेट खांद्यापर्यंत मोकळी असेल तर ही हवा पिपाणीत फुंकल्यासारखी वाजते. तिसरा आवाज टायरच्या पोटातल्या हवेचा, साधारण 200 हर्ट्झच्या आसपासचा, जो पुलाच्या जोडावरून जाताना गाडीत घुमतो. म्हणून टायर हातात घेतला की मी आधी मधला पट्टा पाहते. तिथले ठोकळे एकमेकांना लागून, जवळजवळ सलग असतील आणि मोठ्या मोकळ्या खाचा फक्त खांद्यांवर असतील, तर तो हायवेवर बराच शांत राहतो.

फिनिक्समध्ये रस्त्याचाही यात मोठा वाटा आहे. ॲरिझोनाच्या परिवहन खात्याने 2003 मध्ये इथल्या काँक्रीटच्या फ्रीवेंवर जुन्या टायरांचा रबरी चुरा मिसळलेल्या डांबराचा सुमारे इंचभर थर द्यायला सुरुवात केली. तो थर खरोखरच शांत होता. काही वर्षांनी तो उखडू लागला आणि आता अनेक ठिकाणी तो काढून खालचे काँक्रीट हिऱ्याच्या पात्यांनी बारीक रेषांत घासून गुळगुळीत केले जाते. असे काँक्रीट खडबडीत जुन्या काँक्रीटपेक्षा कितीतरी बरे, तरी त्यावर टायरचा सूर रबरी डांबरापेक्षा वेगळा लागतो. त्यामुळे चाचणीसाठी गाडी चालवायला मिळाली तर ती दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर न्यावी, आणि एखाद्याने "माझे टायर अजिबात वाजत नाहीत" असे सांगितले तर तो रोज कोणत्या रस्त्याने जातो हे आधी विचारावे.

आवाजाचा आकडा अमेरिकेत टायरवर कुठेच छापलेला नसतो. इथल्या प्रतवारीत ट्रेडची झीज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि उष्णता सोसण्याची क्षमता एवढेच असते, आणि माप एलटी (लाइट ट्रक) अक्षरांनी सुरू होणाऱ्या टायरांना तर तीही लागू होत नाही. युरोपात मे 2021 पासूनच्या नव्या लेबलवर डेसिबल छापतात, पण तो आकडा रस्त्याच्या कडेला ऐकू येणाऱ्या आवाजाचा असतो, गाडीच्या आत बसलेल्याच्या कानाचा नव्हे. तेव्हा आपल्याला बांधणी आणि नक्षी वाचूनच अंदाज करावा लागतो.

बांधणीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच नावाचा, एकाच नक्षीचा, 265/70आर17 या एकाच मापाचा टायर अनेकदा दोन-तीन वेगवेगळ्या बांधण्यांत मिळतो: प्रवासी गाड्यांच्या बांधणीचा स्टँडर्ड लोड, आणि त्याहून भक्कम लोड रेंज सी आणि लोड रेंज ई. ई म्हणजे ज्याला सगळे दहा प्लाय (थर) म्हणतात तो, 80 पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला 80 पौंड दाब) हवा घेणारा टायर. लिफ्ट केलेल्या गाडीला ईच हवा, असे दुकानात जवळजवळ नियम असल्यासारखे सांगतात. आता हिशोब करू. या मापाच्या स्टँडर्ड लोड टायरचा भारांक साधारण 115 असतो, म्हणजे 2,679 पौंड. प्रवासी बांधणीचा टायर पिकअपला लावताना त्याची क्षमता 1.1 ने भागायची असते, तरी प्रत्येक टायरला 2,435 पौंड उरतात, चार टायरांना 9,700 च्या वर. टकोमाचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन मॉडेलनुसार साडेपाच हजार पौंडांच्या आसपास आहे. म्हणजे भार पेलायला मध्यम आकाराच्या पिकअपला ई रेंज लागतच नाही. ई टायर स्टँडर्डपेक्षा नगामागे साधारण आठ ते बारा पौंडांनी जड असतो, त्याच्या बाजूच्या भिंती ताठ असतात, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक हादरा सस्पेन्शनमार्फत केबिनपर्यंत पोहोचतो, ट्रेडही सहसा खोल असतो आणि ब्रेक लावताना व वेग घेताना ते जास्तीचे वजन जाणवत राहते. धारदार दगडांवर हवा कमी करून नेहमी चढणाऱ्याने, मागे जड ट्रेलर ओढणाऱ्याने किंवा पाऊण टनी ट्रक चालवणाऱ्याने ई जरूर घ्यावा. फॉरेस्ट रोडवर सावकाश जाणाऱ्या टकोमाला स्टँडर्ड किंवा फार तर सी पुरतो, आणि शांततेचा सर्वांत मोठा लाभ मला याच एका निर्णयातून मिळाला.

मापाचेही तसेच. माझ्या गाडीला कारखान्यातून 265/65आर17 टायर आले होते, व्यास सुमारे 30.6 इंच. 265/70 घेतला तर व्यास 31.6 होतो, आणि स्पीडोमीटर 65 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 67 च्या थोडी वर असते. 285/70 घेतला तर व्यास 32.7 इंच, फरक सात टक्के, आणि टकोमात बऱ्याचदा चाक पूर्ण वळवल्यावर केबिनच्या माउंटला घासते, मग तो माउंट कापायची वेळ येते. रुंद टायर म्हणजे एकाच वेळी रस्त्यावर आपटणारे जास्त ठोकळे. मी 265/70 वर थांबले.

मॉडेलांबद्दल थोडक्यात. हायवेकडे झुकलेल्या ऑल-टेरेन टायरांत काँटिनेंटलचा टेरेनकाँटॅक्ट ए/टी हा माझ्या मते सर्वांत शांत आहे, आणि मी तोच घेतला. योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी015 त्याच्या जवळपास येतो. फाल्कनचा वाइल्डपीक आणि टोयोचा ओपन कंट्री ए/टी III हे मधल्या वाटेचे आहेत: दगडांवर जास्त भरवसा, हायवेवर थोडी जास्त गुणगुण. निट्टोचा रिज ग्रॅपलर दिसायला देखणा आहे, पण तो ऑल-टेरेन आणि मड-टेरेन यांच्या मधला संकरित प्रकार आहे आणि ज्याला शांतता हवी त्याने त्या वर्गात शिरूच नये. फ्लॅगस्टाफला जाणाऱ्यांनी टायरवर तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह आहे ना, हे अवश्य पाहावे. नुसते एम+एस (मड आणि स्नो) लिहिलेले असणे ही बर्फावरच्या चाचणीची खूण नाही.

आता अलाइनमेंट. गाडी पुढून उचलली की टकोमासारख्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये खालचे-वरचे आर्म वेगळ्या कोनात जातात, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) कमी होतो, कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे) बदलतात. कॅस्टर जागेवर आणायला अनेकदा वरचे आर्म बदलावे लागतात. माझ्या गाडीला लिफ्ट ज्या दुकानात बसवली तिथे अलाइनमेंट करून दिली होती, कागदावर आकडे हिरव्या रंगात होते. काही महिन्यांनी पुढून एक नवी भणभण सुरू झाली, वेगाबरोबर चढणारी. त्या दिवसांत बाबा नाशिकहून आलेले होते. त्यांची सारी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत झाली. त्यांनी सकाळी ड्राइव्हवेवर बसून पुढच्या टायरवर तळहात बाहेरून आत फिरवला, मग आतून बाहेर.

"अगं, इकडून मऊ लागतंय आणि तिकडून बटणांच्या कडा टोचतायत. टो-इन चुकलंय बघ. टायरला नावं ठेवू नकोस."

मीही हात फिरवून पाहिला. एका दिशेने हात सहज सरकत होता, उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दातासारखी लागत होती. दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट तपासली तेव्हा टो खरोखरच मर्यादेबाहेर गेलेला निघाला. लिफ्टच्या नव्या स्प्रिंगा काही शे मैलांत थोड्या बसतात, त्यामुळे पहिल्या दिवशीचे आकडे टिकत नाहीत, आणि म्हणूनच पाचशे मैलांच्या सुमारास पुन्हा तपासणी करणे गरजेचे असते. टो दुरुस्त केल्यावर भणभण लगेच गेली नाही, कारण झिजलेल्या कडा एका दिवसात सरळ होत नाहीत. टायर पुढचे मागे केले आणि मागे सरळ धावता धावता त्या कडा हळूहळू घासून गेल्या. ऑल-टेरेन टायरच्या खांद्यावरचे ठोकळे मोठे आणि सुटे असल्याने त्यांची पुढची आणि मागची कड असमान झिजते, आणि हा दोष एकदा जडला की उत्तमातला उत्तम टायरही ओरडू लागतो. टोयोटाच्या सूचनेप्रमाणे दर 5,000 मैलांनी टायर अदलाबदल करणे म्हणूनच टाळू नये, आणि स्टेपनीही त्याच मापाची असेल तर तिलाही त्या फेऱ्यात घ्यावे.

हवेचा दाबही याच कामाचा भाग आहे. दुकानात जड टायरांमध्ये सवयीने पन्नास-साठ पीएसआय भरतात, मग ट्रेडचा फक्त मधला भाग रस्त्याला टेकतो आणि गाडी उडते. एलटी टायरला तेवढ्याच भारासाठी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा जास्त हवा लागते हे खरे, पण किती, हे उत्पादकाच्या भार-दाबाच्या तक्त्यात पाहावे. स्टँडर्ड लोडमध्ये माझा दाब पट्टीच्या आकड्याच्या जवळपासच राहतो. तापमान दहा अंश फॅरनहाइटने बदलले की दाब साधारण एका पीएसआयने बदलतो, आणि इथे हिवाळ्यातली पहाट आणि जूनमधली दुपार यांत सत्तर अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून मी दाब सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी आणि ऊन टायरांवर येण्यापूर्वी मोजते, आणि ऋतू पालटला की पुन्हा नव्याने बसवते.

नवे टायर घेणाऱ्यांनी दुकानदाराला बिल करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: याच नक्षीत स्टँडर्ड लोड मिळतो का, एका टायरचे वजन किती, आणि अलाइनमेंटच्या छापील कागदावर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे देणार का. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर टायर तिथून घ्यावेत, पण अलाइनमेंट लिफ्ट केलेल्या गाड्यांवर रोज काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी.