तुम्ही विचारलंत म्हणून : उत्सवानं भांडणं मिटतात का?

दरवर्षी ऑक्टोबर जवळ आला, की कुणीतरी मला जिन्यात गाठतं आणि तोच प्रश्न विचारतं. “एवढी धावपळ करता, मुलांची नाटकं बसवता, सलोख्याचा दिवस म्हणून सगळ्यांना एका जागी आणता. पण खरं सांगा, त्यानं भांडणं मिटतात का?” विचारणाऱ्याचं स्वतःचं एखादं भांडण बहुतेक वेळा लोंबकळत पडलेलं असतं, म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या दिवशी भांडण मिटत नाही. सात वर्षांत कार्यक्रमाच्या दिवशी मिटलेलं एकही भांडण मी पाहिलेलं नाही. तरी मी हे काम सोडत नाही, कारण मिटण्याची सुरुवात त्याआधीच्या सहा आठवड्यांत होते, तयारीच्या गडबडीत.

ऑक्टोबरच का, हेही काहीजण विचारतात. संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय शांतता दिन 21 सप्टेंबरला असतो. तो 1981 साली ठरला आणि ही तारीख पक्की झाली 2001 मध्ये. पण त्या दिवसाचा रोख युद्धांवर, शस्त्रसंधीवर असतो. ऑक्टोबरचा तिसरा गुरुवार हा संघर्ष निवारणाचा दिवस म्हणून पाळतात. मध्यस्थीचं काम करणाऱ्यांच्या एका अमेरिकी संघटनेनं 2005 मध्ये तो सुरू केला. भिंतीपलीकडच्या आवाजावरून, गाडी लावण्यावरून, वारसाहक्कावरून होणारी भांडणं त्यात बसतात. आम्ही त्याच्या जवळचा रविवार धरतो.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली. दोन कुटुंबांत बरेच दिवस अबोला होता. मला वाटलं, सगळ्यांसमोर हात मिळवायला लावू, म्हणजे दोघांचीही कोंडी फुटेल. दोघांना व्यासपीठावर बोलावलं. त्यांनी हात मिळवले, टाळ्यांचा कडकडाट झाला, मी तर रडलेच. तीन दिवसांनी त्यातल्या एक बाई माझ्या दारात आल्या. आतही आल्या नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “तुम्ही मला चार लोकांत हात पुढे करायला लावलात. नाही म्हणायची सोय ठेवली नव्हतीत.” त्यांचं ते भांडण पुढे जास्त चिघळलं आणि त्यात भर घालणारी मी होते. तेव्हापासून आमच्याकडे व्यासपीठावर कुणाचंही खरं भांडण येत नाही. कुणी स्वतःहून माफी मागायची म्हटली तरी मी त्याला बाजूला घेते आणि समोरच्याला ती कुठे, कधी ऐकायला आवडेल हे आधी विचारायला सांगते.

त्या फजितीनंतर मी वाचायला लागले, आणि मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाच्या एका प्रयोगानं माझे डोळे उघडले. 1954 चा उन्हाळा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं शिबिर, अकरा-बारा वर्षांची 22 मुलं. त्यांचे दोन गट केले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या. बघता बघता वैर इतकं वाढलं, की एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी घातल्या. मग त्यांना गोडीगुलाबीनं एकत्र आणायचं ठरलं. सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. जेवताना मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं! माझ्या पहिल्या वर्षाच्या कार्यक्रमाचं वर्णन वाचावं तसं मी ते वाचत होते. वैर निवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. शिबिराचं पाणी बंद पडलं, आणि बिघाड कुठे आहे ते दोन्ही गटांना मिळून शोधावं लागलं. ट्रक बंद पडला, तो दोरी बांधून सगळ्यांनी ओढला. दोरी तीच होती, जिनं आधी ते एकमेकांविरुद्ध रस्सीखेच खेळले होते. हे सगळे प्रसंग संशोधकांनी मुद्दाम घडवून आणले होते. मुलांना अंधारात ठेवून असं करण्यावर पुढे आक्षेप घेतले गेले आणि ते मला पटतात. पण दोरीचं ते चित्र मनातून जात नाही.

म्हणून आता आम्ही कामं वाटतानाच विचार करतो. एकाच्या हातानं पुरं होणारं काम शक्यतो ठेवत नाही. खुर्च्यांची यादी एकाकडे, त्या ठेवलेल्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे. घोषणा लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. शेरीफनं मुलांपासून लपवलं, ते आम्ही लपवत नाही. पहिल्याच बैठकीत सांगतो, की जोड्या जाणूनबुजून लावल्या आहेत, नको असेल त्यानं बदलून मागावी. बदलून मागणारे दरवर्षी दोघंतिघं असतात. त्यांना कारण विचारायचं नाही, हा नियम.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी झिरपत होतं. खालच्या काकांच्या छताला ओल धरून पापुद्रे सुटले होते. वरचे म्हणायचे, पाणी आमचं नाहीच. चौदा महिने दोघं बोलत नव्हते. जिन्यात एक दिसला की दुसरा मागे फिरायचा. दोघांनाही विजेच्या कामाची आवड, आणि दोघांनी दिव्यांच्या माळा लावायला नाव दिलं. आम्ही विचारलं, चालेल का? दोघंही खांदे उडवून म्हणाले, चालेल. त्या संध्याकाळी मी खाली वायरचं वेटोळं सोडवत बसले होते. वरचे शिडीवर चढले. शिडीचा एक पाय फरशीच्या फटीत हलत होता. काकांनी तो बुटानं दाबून धरला आणि दोन्ही हातांनी शिडी पकडली. वरून आवाज आला, “धरलीय ना?” खालून उत्तर गेलं, “धरलीय.” बास. चौदा महिन्यांनंतरचे हे तीन शब्द.

ओलीचं मूळ त्यानंतर तीन आठवड्यांनी सापडलं, एका शनिवारी, दोघांनी प्लंबरला सोबत घेऊन. पाणी वरच्या घरातलंच होतं, पण फुटलेला नळ भिंतीच्या आत होता, तो वरच्यांना दिसणं शक्यच नव्हतं. दोघांचं बरंचसं खरं होतं. शिडीच्या आधी हे त्यांना कुणीही सांगितलं असतं तरी ते ऐकून घ्यायला एका खोलीत बसले नसते.

आता प्रत्यक्ष दिवसाबद्दल. भाषणं नसतात. मुख्य गोष्ट असते नाटुकलं, तेही प्रेक्षकांनी मोडायचं. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी ही पद्धत घडवली. भांडण रंगमंचावर वाढत जातं, आणि प्रेक्षकांतला कुणीही “थांबा!” म्हणून वर जाऊन एका पात्राची जागा घेऊ शकतो, तोच प्रसंग वेगळा वागून दाखवू शकतो. प्रसंग काल्पनिक असतो, पण दुखणं ओळखीचं. मुलं फार चटकन वर जातात. मोठ्यांना वेळ लागतो. एकदा चढले की मात्र उतरत नाहीत.

दुसरा एक खेळ आम्ही मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विचारवंत बाईंच्या उदाहरणावरून बेतला. 1925 साली त्यांनी सांगितलेला प्रसंग असा: ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा हवी होती, बाईंना थेट अंगावर येणारा वारा नको होता. खेळात आम्ही लोकांना जोडीनं बसवतो. एकानं मागणी सांगायची, दुसऱ्यानं फक्त “कशासाठी?” विचारत राहायचं, सूर चढू न देता. सोपं वाटतं, पण तिसऱ्या “कशासाठी”ला माणसं गप्प होतात आणि मग खरं काय ते बाहेर येतं.

एक गोष्ट ठामपणे सांगते. जिथे मारहाण आहे, धाक आहे, एकाच्या हातात सगळी सत्ता आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, तिथे सलोख्याच्या नावाखाली कुणाला जोडीनं बसवायचं नाही. तिथे संरक्षण आणि कायदा आधी. “उत्सव आहे, आजच्या दिवस विसरून जा” असं कुणाला सांगणं हा त्या माणसावर दुसरा अन्याय होतो, आणि गोड चेहऱ्यानं केलेला असल्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही.

आणि मोठ्या प्रमाणावर हे चालतं का? उत्तर आयर्लंडमधल्या पश्चिम बेलफास्टचं उदाहरण मला धीर देतं. 9 ऑगस्ट 1971 रोजी तिथे लोकांना खटल्याशिवाय डांबायला सुरुवात झाली. त्याच्या वर्षदिनी दरवर्षी होळ्या पेटायच्या, दंगली व्हायच्या. 1988 मध्ये तिथल्या लोकांनी त्याच दिवसांत ‘फेला अन फुबल’ सुरू केला. नावाचा अर्थच लोकांचा उत्सव. संताप विसरा असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या तारखांना तरुण मुलांच्या हाताला दुसरं काम दिलं. शांतता करार व्हायला त्यानंतर दहा वर्षं गेली, आणि तो करार या उत्सवामुळे झाला असंही मी म्हणणार नाही. पण दंगलीच्या तारखा दुसऱ्या कशासाठी वापरता येतात, हे त्यांनी करून दाखवलं.

शिडीवाले आमचे ते दोघं पुढे मित्र झाले का, असंही तुम्ही विचाराल. नाही झाले. एकमेकांच्या घरी जात नाहीत. यंदाची पहिली बैठक झाली, तेव्हा दोघांनी दिव्यांच्याच कामाला नाव दिलं, वेगवेगळ्या रांगांत बसून. बैठक संपल्यावर काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, जुन्या शिडीचा पाय झिजलाय, या वेळी त्याला आधी रबर बसवून घ्या.