टोक

परवा दुपारी कुठल्याशा कागदावर खूण करायला पेन्सिल हवी होती. सापडली ती बोथट. घरात शार्पनर आहे, नातवाचा, मोटारीच्या आकाराचा. तरी मी उठून अर्धं ब्लेड शोधून काढलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि अर्धा इंच शिस उघडी पडेपर्यंत पेन्सिल तासत बसलो. खूण कशाची करायची होती, ते तोवर विसरलो.

ही खोड आमच्या ड्रॉइंगच्या सरांची. शार्पनरने पेन्सिल भादरली जाते, तिला टोक येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

ड्रॉइंगचा तास म्हणजे काय हे सांगायला नको. आठवड्यात दोन, त्यातला शुक्रवारचा शेवटचा गणिताच्या बाई ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून मागून न्यायच्या. सर ‘घ्या की’ म्हणून मोकळे. इतका मऊ माणूस, म्हणून आम्हाला त्यांचाच राग यायचा. त्यांना तेवढा वेळ लागायचाच, हे फार उशिरा लक्षात आलं. स्नेहसंमेलनाचा पडदा, विज्ञान प्रदर्शनाची कमान, साहेब तपासणीला येणार म्हणून स्वागताचा फळा, रोजचा सुविचार. शाळेत जिथे जिथे ‘कोणीतरी’ काढलेलं असायचं, तिथे ते कोणीतरी म्हणजे सर.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना ते शाळा भरायच्या आधी बोलवत. तांब्या, पेला, एक वांगं आणि मागे मुद्दाम चुरगळलेलं कापड. त्या खोलीत एक जुनं कॅलेंडर होतं, हातात समई घेतलेल्या बाईचं. हे कुणाचं, असं एकदा त्यांनी विचारलं. आम्ही सगळे एका सुरात, ‘राजा रविवर्मा!’ सर हसले. ‘हळदणकरांचं. आणि तेलरंग नाहीत बरं का, जलरंग आहेत.’ मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. सा. ल. हळदणकरही शिकवणारेच, 1908 साली मुंबईत त्यांनी स्वतःची चित्रकलेची संस्था काढली होती. चित्रातली बाई त्यांचीच मुलगी, गीता. ती पुढे शंभरी ओलांडून 2018 मध्ये गेली. पण चित्राचं श्रेय लोक अजून रविवर्म्यालाच देतात. सर मात्र त्या दिवशी श्रेयाबद्दल काहीच बोलले नाहीत. समईपाशी बोट नेऊन एवढंच म्हणाले, ‘जलरंगात उजेड रंगवायचा नसतो. तेवढा कागद सोडायचा.’ मग आम्ही वांग्यावरची चकाकी सोडायला लागलो. माझ्या वांग्याला कोड आल्यासारखं दिसे.

त्यांची स्वतःची चित्रं किती असतील? घरी गेलो होतो तेव्हा भिंतीवर तीन होती, एक कपाटाच्या मागे सरकलेलं. खरं प्रदर्शन शाळेच्या व्हरांड्यात. शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्यांचा काळा लाकडी फलक. दरवर्षी निकाल लागला की सर खडूची दोरी ताणून फळीवर फटकारत. तेवढ्या रेषेवर शिरोरेघ. मग डाव्या हातात काठी आडवी धरायची, उजवं मनगट तिच्यावर टेकवायचं आणि पिवळ्या ऑइलपेंटने नाव उतरवायचं. ‘ळ’ची दोन पोटं ते एका दमात काढत, तेवढा वेळ आम्हीही श्वास धरून.

58व्या वर्षी निवृत्त झाले, तरी जूनमध्ये शाळा त्यांना बोलावत राहिली. मध्यंतरी एका कामासाठी शाळेत गेलो आणि त्या फलकापुढे थांबलो. वरून खाली पन्नासएक नावं. पोरांची नावं मी वाचलीच नाहीत, अक्षरच बघत होतो. वरची ठसठशीत. मधली जरा सैल, आता हात बसलाय असं सांगणारी. खाली येता येता रफार थरथरतात, वेलांट्या अर्ध्यावर तुटून पुन्हा जोडलेल्या. शेवटच्या नावाची शिरोरेघ उजवीकडे कलली आहे. दोरी धरायला दुसऱ्या टोकाला कोणी नसणार. त्याच्या खाली छापलेली पट्टी चिकटवलेली आहे, तिचा एक कोपरा आत्ताच सुटलाय.

सर गेले तेव्हा 91 वर्षांचे होते. म्हणजे शेवटची बरीच वर्षं त्यांनी तो फलक लिहिला नाही. काय करत होते तेव्हा? मी गेलो नाही कधी विचारायला. जवळच राहायचे.

तर टोक काढून झालं होतं आणि कागद समोर होता. म्हटलं, सरांचाच चेहरा काढू. एलिमेंटरीला माझी सी ग्रेड आली ती स्मरणचित्राच्या पेपरने, हे तेव्हा आठवलं नाही. कपाळ काढलं, कान काढला, आणि चष्म्यापाशी अडलो. होता की नव्हता? शेवटी बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राला फोन लावला.

‘चष्मा?’ तो म्हणाला. ‘अरे, त्यांना मिशी होती.’