सक्ती नाही, म्हणून मोजपट्टी महत्त्वाची

युरोपीय संघात कुणाला किती पेन्शन द्यायची, गरीब घराला किती आधार द्यायचा, हे ब्रसेल्समधलं संघाचं मुख्यालय ठरवत नाही. संघाच्या कराराचं १५३वं कलम दारिद्र्याविरुद्धच्या कामात सहकार्याला उत्तेजन देतं, पण त्यासाठी देशांचे कायदे एकसारखे करायला मनाई करतं. म्हणून मार्च २००० मध्ये लिस्बनला, संघातल्या देशांच्या नेत्यांच्या बैठकीत, ‘समन्वयाची खुली पद्धत’ ठरली. उद्दिष्टं आणि मोजमाप सगळ्यांचं एक, मार्ग ज्याचा त्याचा, आणि ठरावीक काळाने एकमेकांच्या कामाची तपासणी. दंड नाही, खटला नाही.

 

सक्ती नसली की सगळा भार मोजपट्टीवर येतो. डिसेंबर २००१ मध्ये बेल्जियममधल्या लाकेनला, नेत्यांच्या बैठकीत, दारिद्र्य मोजायचे १८ निर्देशक मान्य झाले. त्यांतला मुख्य असा: देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मे लोक ज्याच्या वर, निम्मे खाली, त्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांखाली असेल त्याला दारिद्र्याचा धोका. हिशेब नुसती डोकी मोजून होत नाही. घरातल्या पहिल्या प्रौढाला वजन १, चौदा वर्षं किंवा त्यापुढच्या प्रत्येकाला ०.५, त्याहून लहान मुलाला ०.३. नवरा, बायको आणि दोन लहान मुलं मिळून २.१. कर वजा जाता वर्षाला ४२,००० युरो हातात येत असतील तर भागाकार २०,०००, आणि हाच आकडा ६० टक्क्यांच्या रेषेशी ताडायचा.

पण ही रेषा हलती आहे. मंदीत सगळ्यांचं उत्पन्न घसरलं की रेषाही खाली येते आणि पेन्शन तेवढीच असलेली म्हातारी माणसं कागदावर गरिबीतून बाहेर पडतात. २००८ नंतरच्या मंदीत लाटव्हियात हेच झालं. म्हणून एखाद्या जुन्या वर्षाची रेषा धरून, तिच्यात फक्त महागाई मिळवून, दुसरा आकडाही काढायलाच हवा. शिवाय हे आकडे ज्या पाहणीतून निघतात, तिच्यातलं उत्पन्न बहुतेक देशांत आदल्या वर्षाचं असतं. ताज्या आकड्यावरून यंदाच्या योजनेला शाबासकी देऊ नये.

२०१० साली संघात ठरलं, दशकभरात किमान २ कोटी लोकांना दारिद्र्याच्या धोक्यातून बाहेर काढायचं. मात्र राष्ट्रीय लक्ष्याचं माप ज्याने त्याने निवडायचं होतं. जर्मनीने दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांची संख्या २० टक्क्यांनी घटवणं एवढंच लक्ष्य घेतलं. सगळ्या देशांच्या लक्ष्यांची बेरीजच २ कोटींपर्यंत पोचली नाही, मग काम कुठून पोचणार? माझ्या मते हा सक्ती नसल्याचा दोष नव्हे. समान मोजपट्टी सोडून दिली, तिथेच डाव हातचा गेला.

जानेवारी २०२३ मधली संघाची किमान उत्पन्नाबद्दलची (गरीब घराला सरकारने द्यायच्या आधाराबद्दलची) शिफारसही बंधनकारक नाही. तिच्यातलं एक वाक्य मात्र मोलाचं आहे: अर्जावर ३० दिवसांत निर्णय द्या. हे कुणालाही मोजता येतं. पण रक्कम किती पुरेशी, याला तिथे पुन्हा तीन पर्यायी मापं दिली आहेत: दारिद्र्यरेषा, गरजेच्या वस्तूंची किंमत, किंवा देशाने ठरवलेली तत्सम पातळी. देशांनी यांतलं कोणतं निवडलं, हे तपासणीत सगळ्यांत आधी विचारायला हवं.