दोन वाऱ्यांच्या मधला तास

पुण्यात घाम येतो आणि जातो. कोकणात येतो तो मुक्कामालाच. मे महिन्यात आजोळी गेलं की दुसऱ्या दिवशी मानेवर घामोळं उठायचं, तेव्हा हे ज्ञान मला लहानपणीच झालेलं होतं. तरीही एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वेळणेश्वराच्या बाजूला ३५ किलोमीटरच्या ट्रेल रेसमध्ये, म्हणजे पायवाटांवरच्या शर्यतीत, नाव नोंदवलं. पैसे भरून उन्हात पळणं हा प्रकार आजोबांना समजावून सांगावा लागला नाही, एवढंच नशीब.

सकाळी सहाला सुटलो तेव्हा पाठीवर जमिनीकडून येणारा वारा होता. शाळेत भूगोलाच्या बाईंनी घोकून घेतलेले खारे वारे आणि मतलई वारे! रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. दिवसा उलटं. दोन्ही वाऱ्यांची चित्रं बाणांसह काढून मी पाचपैकी पाच मार्क मिळवले होते. पण एक वारा थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये काय होतं, ते त्या चित्रात नव्हतं.

ते नऊच्या सुमाराला कळलं. वारा पडला. माडाची झावळी हलेना. डावीकडे जांभ्याचा गडगा, उजवीकडे काजूची झाडं, मध्ये मी आणि माझा घाम. बनियन अंगाला चिकटलेली, बुटात पचक पचक, भुवयांवरून थेंब ओघळून डोळ्यांत. टोपी काढून पिळली तर धार लागली. आणि एवढं होऊनही अंग भट्टीसारखं तापलेलं.

यात गंमत अशी की नुसत्या घामाने कोणी गार होत नाही; घाम वाळला तर गार होतं. लिटरभर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर किलोचा माणूस दहा किलोमीटर पळाला की साधारण सातशे किलोकॅलरी जाळतो आणि त्यातली तीन चतुर्थांश तरी नुसती उष्णता होते. म्हणजे हिशेबाने लिटरभर घामात दहा किलोमीटर आरामात निघावेत. पुण्याच्या कोरड्या हवेत निघतातही. इथे हवाच आधी पाण्याने गच्च भरलेली, ती आणखी घेणार कुठून? मग लिटर काय, दीड लिटर काय, सगळा घाम हनुवटीवरून टपटपत जांभ्यावर पडतो. शरीर बिचारं आणखी घाम काढतं. नळ चालू ठेवून बादलीला भोक पाडल्यासारखं.

मी मात्र शहाण्यासारखा प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी पीत होतो. सतराव्या किलोमीटरला डोकं जड झालं, पोट डुचमळायला लागलं आणि बोटातली अंगठी रुतायला लागली. बोटं सुजली होती. मीठ सगळं घामातून बाहेर आणि आत नुसतं पाणी. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, तर १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम नको इतकं उतरलेलं होतं, आणि त्याचं मोठं कारण भरमसाट पाणी पिणं हेच होतं. हे मी वाचलेलं होतं. चार लोकांना ऐकवलंही होतं.

पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून एका घराच्या पायरीवर बसलो. अंगणात एक काकी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. डाव्या हाताला लाल सालांचा ढीग, उजव्या हाताला पातेल्यात बिया आणि गर, त्यावर मुठीने टाकलेलं जाडं मीठ. मनगटापर्यंत हात जांभळे. मान वर न करताच म्हणाली, "घाई कसली रे एवढी? वायच सावलीत बस."

"शर्यत आहे काकी."

"मग वारा सुटल्यावर पळ की."

आत जाऊन तिने तांब्यात आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, घेतलं, पाणी ओतलं, बोटाने ढवळलं. आगळात मीठ असतंच, वर आणखी चिमूटभर टाकलं. पहिल्या घोटाला जीभ आक्रसली. दुसऱ्या घोटाला सगळं अंग 'हे हवं होतं' म्हणालं. माझ्या पाठपिशवीत दीडशे रुपयांची मिठाच्या गोळ्यांची नळी होती, ती मी बाहेर काढली नाही. लाज वाटली.

पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसलो. माझ्यामागचे आठ-दहा जण पुढे गेले. काकीने प्रत्येकाला एकदा बघितलं आणि पुन्हा रातांब्याला हात घातला. मग वरच्या फांदीवरचं एक पान हललं. मग माड. समुद्राकडून खारा वारा आला. तोही दमटच, पण हलता. मानेवरचा घाम पहिल्यांदा गार लागला.

उठलो. सड्यावर, वरच्या उघड्या कातळाच्या माळावर, चढलो तेव्हा कातळ तापून पायाला भाजत होता, पण वारा होता. पुढचे दहा-बारा किलोमीटर मी जिथे वारा तिथे पळालो आणि जिथे वारा पडला तिथे चाललो. घड्याळातला पेस बघायचं सोडून दिलं. ते बिचारं तरीही मनगटावर थरथरून मला उगाच सावध करत राहिलं.

वाटेचा फेरा पुन्हा त्याच पाखाडीवर येत होता. सव्वाबारा झाले होते. गाव निजलेलं. आगरात कोणी नाही, विहिरीवर कोणी नाही, ओट्याच्या सावलीत कुत्रा अंग पसरून. बाहेर फक्त आम्ही, छातीवर नंबर लावलेले. काकीही ओटीवर चटईवर आडवी झाली होती, सालं अंगणात उन्हात पसरलेली. पायरीवर तोच तांब्या, वर वाटी झाकलेली.

प्यायलो. वाटी तांब्यावर होती तशी ठेवली, आणि उरलेले सहा किलोमीटर सरळ चालत गेलो.