माझ्या 1969 च्या शेव्हेलचे सस्पेन्शन बुश बदलताना

मिशिगनमध्ये माझ्याकडे असलेली 1969 सालची शेव्हरोले शेव्हेल मालिबू ब्रेक दाबला की डावीकडे ओढू लागली, पुढच्या टायरांच्या आतल्या कडा झिजू लागल्या आणि खड्ड्यातून जाताना खालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक यांना जोडणारे गोलाकार सांधे तपासले, ते ठीक होते. मग गाडी स्टँडवर चढवून प्रत्येक आर्मच्या (चाक चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी छोटी पहार लावून पाहिली, तेव्हा खरे कारण सापडले. पुढच्या खालच्या आर्मच्या बुशांतली, म्हणजे आर्म आणि चॅसी यांच्या सांध्यातल्या रबरी तुकड्यांतली पोलादी नळी मध्यभाग सोडून एका बाजूला टेकली होती आणि रबराचा काळा भुगा आर्मवर पसरला होता. पहार जराशी दाबली तरी सबंध आर्म मागे-पुढे सरकत होता. ब्रेक लावल्यावर चाक नेमके असेच सरकत असणार.

नवे बुश रबरी घ्यावेत की पॉलियुरेथेनचे, यावर मी बराच विचार केला. रबरी बुशमध्ये बाहेर पोलादी कवच, आत नळी आणि दोहोंच्या मध्ये घट्ट धरलेले रबर असते. बोल्ट कसला की आतली नळी जागच्या जागी जखडली जाते आणि आर्म वर-खाली होताना काहीही न घासता केवळ रबर पिळले जाते. पॉलियुरेथेन कडक असते. त्यात नळी प्रत्यक्ष फिरते, म्हणून ग्रीस लागते आणि ते वाळले की करकर सुरू होते. शेव्हेलच्या मागच्या बाजूस चार आर्म आहेत, त्यांतले वरचे दोन तिरके बसवलेले असून तेच ॲक्सल आडवा सरकू देत नाहीत. एक चाक उचलले गेले की हे आर्म आपल्या लांबीभोवतीही पिळले जातात. रबर ते सहज सोसते, कडक पॉलियुरेथेन मात्र अडून बसते आणि सस्पेन्शन आखडते. पाँटियाक जीटीओ, ओल्ड्समोबिल 442, ब्यूक जीएस या त्या काळातल्या बहिणी जनरल मोटर्सच्या याच ए-बॉडी रचनेवर उभ्या असल्याने हा विचार त्यांनाही तितकाच लागू पडतो. मी सर्व आर्मांना रबरी बुश घेतले आणि पॉलियुरेथेन फक्त पुढच्या अँटी-रोल बारसाठी (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या आडव्या दांड्यासाठी) वापरले, कारण तिथला कडकपणा उपयोगाचा आहे.

पुढच्या स्प्रिंगबाबत मी कोणतीही घाई केली नाही. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी शक्ती साठलेली असते. चॅसी भक्कम स्टँडवर ठेवून खालच्या आर्मखाली जॅक लावला, शॉक ॲब्सॉर्बर काढला आणि स्प्रिंगमधून साखळी ओवून ती चॅसीला बांधली. बॉल जॉइंटचा नट पूर्ण न काढता काही आट्यांवर राहू दिला आणि मगच नकलवर (चाक धरणाऱ्या भागावर) हातोडा मारला. त्यामुळे सांधा सुटला तरी आर्म खाली झेपावला नाही. त्यानंतर नट काढून जॅक सावकाश उतरवला. वरच्या आर्मच्या शाफ्टमागील शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) ज्या बोल्टच्या होत्या त्या बोल्टच्या नावाने तारेत बांधून ठेवल्या, कारण चाकांचे कोन त्यांवरच ठरतात.

इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याची किंमत बोल्ट मोजतात. मागच्या खालच्या आर्मचे बोल्ट नळीत गंजून इतके एकजीव झाले होते की ते करवतीने कापावे लागले. जुने रबर जाळून काढण्याची पद्धत बरेच जण वापरतात. मला तो विषारी धूर नको होता, म्हणून हायड्रॉलिक प्रेस वापरला. प्रेस चालवताना आर्मच्या दोन कानांमध्ये पोलादी नळीचा नेमक्या मापाचा तुकडा अडकवावा लागतो, अन्यथा पत्र्याचे कान आत दबतात आणि नवा बुश कधीच सरळ बसत नाही. ॲक्सल हाउसिंगवरच्या कानांतले बुश मात्र गाडीखाली झोपूनच काढावे लागले. ते कान ओतीव बिडाचे असल्याने हातोड्याचा घाव तिथे चालत नाही; लांब आट्यांचा दांडा, कप आणि जाड वॉशर यांनी बुश हळूहळू ओढून घेतले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटच्या कसण्यात आहे. सगळे आर्म बसवताना बोल्ट फक्त हाताने घट्ट केले, चारही चाके जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, गाडी दोन्ही टोकांना दाबून हलवली आणि ती आपल्या नेहमीच्या उंचीवर स्थिरावल्यावर टॉर्क पाना (ठरावीक जोराने कसणारा पाना) लावला. चाके लोंबकळत असताना बोल्ट कसले, तर नळी त्याच स्थितीत जखडली जाते आणि गाडी जमिनीवर येताच रबर ओल्या फडक्यासारखे कायमचे पिळलेले राहते. त्याने गाडी थोडी उंच उभी राहते आणि नवे रबर लवकर फाटते. ठोकळ्यांवरच्या गाडीखाली पाना फिरवायला जेमतेम जागा मिळते, तरीही हे काम असेच करायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर अलाइनमेंट करून घेतले. शेव्हरोलेच्या मूळ पुस्तिकेतील कोन त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या) टायरांसाठी होते. माझ्या गाडीला रेडियल टायर असल्याने शिम बदलून कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे-पुढे कल) 2 अंशांच्या थोडा वर घेतला. आता वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नलपाशी ब्रेक दाबला तरी स्टिअरिंग सरळ राहते आणि खालचा आवाज पूर्ण थांबला आहे. काही दिवस चालवल्यानंतर सर्व बोल्टांवर पुन्हा टॉर्क पाना लावून पाहिला. बॉडी आणि चॅसी यांच्यामधली रबरी माउंटिंग अजून जुनीच आहेत. त्यांतली डिकीखालची दोन दबून चपटी झाली आहेत, ती येत्या हिवाळ्यात बदलायची आहेत.